प्लेटवर सगळं हिरवंच उगवतंय

प्रश्न: एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी पडलेल्या झाडाखालच्या मातीतून लाकूड कुजवणारी बुरशी वेगळी करायचीय. माती पाण्यात हलवली, गाळली, डायल्यूशन करून (पाण्याने पातळ करत नेऊन) पीडीएवर, म्हणजे बटाट्याच्या अर्काच्या अगर माध्यमावर, पसरवली. चौथ्या दिवशी सगळ्या प्लेटा हिरव्यागार, नुसत्या ट्रायकोडर्मा आणि पेनिसिलियम या हिरव्या बुरश्या. तीनदा केलं, तेच. माती चुकीची घेतली का?

उत्तर: माती ठीक आहे हो, तुम्ही गाळून जो कचरा फेकलात ना त्यातच तुमची बुरशी गेली! ट्रायकोडर्मा, पेनिसिलियम ढिगाने बीजाणू सोडतात आणि डायल्यूशन प्लेटवर एकेका बीजाणूची कॉलनी होते, मग दुसरं काय दिसणार. तुम्हाला हव्यात त्या बहुतेक बॅसिडिओमायसीट्स (अळंबीच्या गटातल्या बुरश्या), त्या लाकडाच्या बारीक तुकड्यांत तंतू रोवून बसलेल्या असतात, आणि वाढतातही सावकाश.

तर आता चाळणीवर उरलेले तुकडे निर्जंतुक पाण्यात आठ-दहा वेळा धुवा, टिपकागदावर कोरडे करा, आतला दोन-तीन मिलिमीटरचा भाग काढून प्लेटवर ठेवा. पीडीए सोडा, २ टक्के माल्ट-अगर (माल्टच्या अर्काचं माध्यम) घ्या, ऑटोक्लेव्ह (दाबाच्या वाफेत निर्जंतुक) झाल्यावर ५० अंशांपर्यंत निवू द्या आणि मग लिटरला ५ ते १० मिलिग्रॅम बेनोमिल (बुरशीनाशक) नि १०० मिलिग्रॅम स्ट्रेप्टोमायसिन (जिवाणू रोखणारं प्रतिजैविक) घाला. बेनोमिलने हिरवी मंडळी बरीच दबतात, बॅसिडिओमायसीट्सना तेवढ्याने फारसं काही होत नाही. म्युकर ही भराभर वाढणारी बुरशी मात्र ऐकत नाही, ती एका रात्रीत झाकणाला टेकते, म्हणून प्लेट रोज बघायचीच. तुकड्यातून पांढरे तंतू बाहेर आलेले दिसले की त्याच दिवशी टोकाचा कण उचलून नव्या प्लेटवर न्या, 'अजून थोडं वाढू दे' म्हणालात की गेलं.

वेळ असेल तर निर्जंतुक लाकडाचे ठोकळे त्याच ओलसर मातीत दीड-दोन महिने पुरून ठेवा, आमिष म्हणून. मला तर हीच पद्धत जास्त आवडते, कारण लाकडात शिरायची ताकद असलेलीच आत येते (थोडी फालतू गर्दी येते, पण कमी).

मायक्रोस्कोपखाली तंतूच्या आडव्या भिंतीपाशी छोटा फुगवटा, क्लॅम्प, दिसला तर बॅसिडिओमायसीट नक्की, नाही दिसला म्हणून नाहीच असं नाही. मग ग्वायाकॉल (एन्झाइमने रंग बदलणारं रसायन) घातलेल्या अगरवर लावा, कॉलनीभोवती लालसर तपकिरी वलय आलं तर लॅकेजसारखं एन्झाइम आहे, म्हणजे पांढरी कुज करणारी (लाकडातलं लिग्निन हे कडक द्रव्यही तोडणारी) असू शकते. तपकिरी कुजवाल्यांत (लिग्निन बहुतांशी सोडून देणाऱ्यांत) तो रंग सहसा येतच नाही, तेव्हा रंग नाही म्हणून कल्चर फेकू नका, ओव्हनमध्ये सुकवून वजन केलेला लाकडाचा तुकडा निर्जंतुक करून त्यावर ठेवा आणि तीन महिन्यांनी तसाच सुकवून परत वजन करा, घटलं असेल तर ती लाकूड कुजवते.