घरचे उपाय आणि बिचारं कुत्रं

आमचा लॅब्रा ब्रुनो चार वर्षांचा आहे. पावसाळा आला की कानात, बोटांच्या बेचक्यात गोचीडच गोचीड. सासरे रॉकेल लावून काढायचे, यंदा मी दुकानातली पावडर चोळली तरी आठवड्यात पुन्हा तेवढेच. दोन दिवस झाले नीट जेवत नाही, नुसता पडून असतो. हवेमुळे असेल का? – एक ताई, डोंबिवली

ताई, हवेबिवेमुळे नाही हो. अंगावर गोचीड आणि लॅब्रा जेवत नाही, एवढं मला पुरे आहे, आजच दवाखान्यात न्या, मासिक नंतर वाचा. जाण्याआधी ओठ वर करून हिरडी बघा. बोटाने दाबून सोडली की पांढरी पडून दोनेक सेकंदात परत गुलाबी व्हायला हवी. फिकट किंवा पिवळट दिसली, पोटावर बारीक लाल-जांभळे ठिपके असले, नाकातून रक्त आलं किंवा लघवी गडद तपकिरी झाली, तर उद्यावर ढकलू नका. याला आम्ही प्राण्यांचे डॉक्टर टिक फीवर, म्हणजे गोचीडताप म्हणतो, पण तो एकच आजार नाही, गोचिडातून रक्तात शिरणारे जंतू वेगवेगळे, एर्लिकिया असतो, बबेसिया असतो, कधी दोन्ही एकदम, आणि दोघांची औषधं वेगळी. म्हणून सीबीसी, म्हणजे रक्ततपासणी करून प्लेटलेट बघायच्या, रक्ताचा थेंब काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा, मग औषध, शेजारच्यांच्या कुत्र्याची चिठ्ठी चालवायची नाही. एर्लिकिया निघाला तर डॉक्सीसायक्लिन साधारण 28 दिवस देतात. होतं काय, चौथ्या दिवशी कुत्रं उड्या मारायला लागतं आणि लोक गोळ्या बंद करतात, मग महिन्या-दोन महिन्यांनी तेच कुत्रं परत माझ्या टेबलावर.

आता रॉकेल. त्याने कातडी भाजते आणि कुत्रं ते चाटतं, म्हणजे पोटात आणि कधी फुफ्फुसातही जातं. भुवया कोरायचा चिमटा घ्या, गोचिडाला अगदी कातडीलगत धरा आणि न पिळता सरळ वर ओढा. नखाने चिरडायचा नाही, स्पिरिटच्या बाटलीत टाका. तोंडाचा तुकडा आत राहिला तर राहू दे, सुईने उकरत बसू नका.

आणि परत परत येतात याचं कारण असं की तुम्ही कुत्र्याला औषध लावलंत, घराला नाही. रक्त पिऊन फुगलेली मादी खाली पडते, भिंतीच्या फटीत, पलंगाखाली, दाराच्या चौकटीमागे जाते आणि हजारोंनी अंडी घालते. त्यामुळे फटी बुजवा, कोपऱ्याकोपऱ्यात व्हॅक्यूम फिरवा, पेस्ट कंट्रोल केलंत तर सगळं सुकेपर्यंत ब्रुनोला बाहेर ठेवा. हल्ली महिन्याची किंवा तीन महिन्यांची चघळायची गोळी मिळते, ती वजनानुसार डॉक्टरांना विचारूनच द्यायची आणि कुत्र्याला फिट येत असतील तर ते आधी सांगायचं. घरात मांजर आहे का? असेल तर परमेथ्रिनवालं गोचिडाचं औषध घरातच नको, कुत्र्याला चालतं पण मांजराच्या जिवावर बेततं.

आमच्या गावठी कुत्रीचं (वजन 18 किलो) अंग गरम लागलं म्हणून आईंनी अर्धी क्रोसिन दह्यातून दिली. नंतर कळलं की देत नाहीत. आता ती ठीक दिसतेय. उलटी करवायची का? – एक दादा, कोल्हापूर

नाही, मिठाचं पाणी वगैरे पाजून उलटी अजिबात करवू नका, त्याने नवीनच दुखणं होतं. अर्धी म्हणजे 250 मिलिग्रॅम धरली तर या वजनाला एका वेळेपुरती बहुतेक निभावते, तरी डॉक्टरांना फोन करून वजन, गोळी आणि वेळ सांगा. हिरड्या तपकिरी-निळसर दिसल्या, तोंड सुजलं, धाप लागली तर लगेच उचलून न्या. आईंना रागावू नका, पण डबा वरच्या फळीवर ठेवा, कारण पुढच्या वेळी क्रोसिनच्या जागी कॉम्बिफ्लाम हाताला लागली तर त्यातलं आयबुप्रोफेन पोटात अल्सर करतो आणि किडनी बिघडवतो. आणि मुळात ताप होता का हो? कुत्र्याचं नॉर्मल तापमानच 101 ते 102.5 फॅरनहाइट असतं, आपल्या हाताला ते गरमच लागणार. नाक कोरडं आहे की ओलं यावरून काही ठरत नाही. एक डिजिटल थर्मामीटर तिच्यासाठी वेगळा ठेवा, टोकाला व्हॅसलिन लावून शेपटीखालून घ्यायचा, 103 च्या वर गेला की बोलू.

आमची द्राक्षबाग आहे. शेरू वर्षानुवर्षं खाली पडलेले मणी खातोय, काही झालं नाही. पुण्याची भाची म्हणते द्राक्ष कुत्र्याला विष. खरं का? – एक काका, तासगाव

भाचीचं ऐका काका. काही कुत्र्यांना काही होत नाही आणि काहींची थोडक्याशा द्राक्षांनी किडनी बसते, शेरू कुठल्या गटात ते आधी कळत नाही आणि आज पचलं म्हणून उद्या पचेलच असंही नाही. अलीकडे संशय टार्टारिक ॲसिडवर आहे, ते प्रत्येक मण्यात कमीजास्त असतं, म्हणून ‘एवढी चालतात’ असा आकडा कुणी देऊ शकत नाही. बेदाणा तर सुकवून आटवलेला, त्यामुळे शेडमधे शेरूला सोडूच नका, आणि प्रसादाच्या शिऱ्यातले बेदाणेसुद्धा त्याच हिशोबात. खाल्ल्यावर पहिल्या दिवसात उलट्या, सुस्ती, मग एक-दोन दिवसांनी लघवी कमी होते, तोवर थांबलात तर फार उशीर. दोन तासांच्या आत डॉक्टरांकडे पोचलात तर ते इंजेक्शनने उलटी करवतात, नंतर सलाईन.

खरं सांगू का, बागेत मला द्राक्षापेक्षा थिमेटसारखं कीटकनाशक आणि बुरशीवरचं मोरचूद यांची जास्त काळजी वाटते. फवारणीच्या दिवशी शेरूला बांधा, टाकीतलं उरलेलं पाणी डबक्यात ओतू नका, आणि उंदराचं औषध भज्यात घालून बांधावर ठेवायची पद्धत असेल तर ती बंद करा. लाळ गळणं, थरथर, डोळ्यांची बाहुली टाचणीएवढी होणं असं दिसलं तर औषधाची बाटली बरोबर घेऊनच निघा, लेबल बघितल्याशिवाय आम्हाला अंदाजच करावा लागतो.

रस्त्यावरून आणलेलं दोन महिन्यांचं पिल्लू मुलाला खेळताना दात लावतं, परवा थोडं रक्त आलं. हळद लावली. पिल्लूच तर आहे, इंजेक्शन घ्यायचं का? – मुलाची आई, पणजी

घ्यायचं. पिल्लाला रेबीज होत नाही हा समज कुठून आला कोण जाणे. जखम आत्ताही साबण लावून वाहत्या नळाखाली पंधरा मिनिटं धुवा, घड्याळ लावून, आणि हळद, चुना, तिखट काही नको. मग सरकारी दवाखान्यात जा, तिथे लस फुकट असते. कातडीत देतात ती 0 (म्हणजे पहिल्या इंजेक्शनचा दिवस), 3, 7 आणि 28 व्या दिवशी, दंडात देतात ती पाच वेळा. रक्त आलंय म्हणून इम्युनोग्लोब्युलिनबद्दल (रेबीजविरुद्धची तयार प्रतिपिंडं) स्वतःहून विचारा, ते जखमेतच टोचतात. पिल्लू दहा दिवस डोळ्यासमोर ठेवा, पण त्यासाठी मुलाचं इंजेक्शन थांबवायचं नाही.

पिल्लाचं सांगायचं तर पार्वो-डिस्टेंपर या कुत्र्यांच्या जीवघेण्या साथींची लस सहा ते आठ आठवड्यांपासून, तीन-चार आठवड्यांनी परत, चार महिने पूर्ण होईपर्यंत. रेबीजची तीन महिन्यांना. या लसी पूर्ण होईस्तोवर खाली जमिनीवर, जिथे बाकीची कुत्री येतात तिथे सोडू नका, कडेवर घेऊन फिरवा, आवाज-माणसं बघू दे.

सोसायटीवाले म्हणतात कुत्र्याला लिफ्टमधे आणायचं नाही. – एक आजोबा, ठाणे

ॲनिमल वेल्फेअर बोर्डाच्या गाइडलाइननुसार सोसायटी असं थांबवू शकत नाही, बहुमताने ठराव केला तरी नाही. पण आजोबा, पट्टा आखूड धरा, लिफ्टमधे लहान मूल असेल तर पुढच्या फेरीने जा, आणि खिशात पिशवी ठेवा. निम्मी भांडणं तिथेच मिटतात.