साखर कारखाना अडचणीत असताना युनियनने २० टक्के पगार कपात मान्य करायला नको का?

तुम्ही सभासद आहात तसा मी पण आहे, आमचा पाऊण एकर ऊस दरवर्षी कारखान्यालाच जातो आणि वर बॉयलिंग हाऊसला, म्हणजे रस आटवून साखर करतात तिथं, नोकरी, त्यामुळं दोन्हीकडनं बोलतो. तुमचं म्हणणं की संचालक मंडळ २० टक्के कपात मागतंय, ती झाली तर आपली थकलेली ऊसबिलं निघतील आणि युनियन उगाच अडून बसलीय.

आधी हिशोब करू. समजा गाळप ९ लाख टन, कामगार ५००, सगळं धरून सरासरी पगार महिना ३० हजार. वर्षाचे झाले १८ कोटी, त्याचे २० टक्के म्हणजे ३ कोटी ६० लाख. ऐकायला लई मोठा आकडा, पण टनावर भागला की ४० रुपये येतात. आकडे मी धरलेत, तुम्ही तुमच्या अहवालातले घालून बघा.

आणि उतारा, म्हणजे उसातनं निघणारी साखर, ०.१ टक्का घसरला की टनामागं १ किलो साखर जाते, म्हणजे जवळपास तेवढेच पैसे. म्हणजे पाचशे घरांत हात घालून जे वाचवणार ते उतारा एवढा-तेवढा हलला की गेलंच.

ही साखर जाते कुठं तर मळीत, म्हणजे मोलॅसिसमधे. आमच्याकडं जुना पॅनमन बघा, पॅनमधला (रस आटवून दाणा पाडायच्या भांड्यातला) माल काचेच्या पट्टीवर घेतो, बल्बसमोर धरतो आणि दाणा बघूनच सांगतो पाणी मारायचं का सिरप ओढायचा. नवख्या पोराच्या हातात पॅन गेला की बारीक फॉल्स ग्रेन, म्हणजे नको असलेला दाणा पडतो, तो सेंट्रीफ्यूगलच्या (साखर आणि मळी वेगळी करायच्या मशीनच्या) जाळीतनं सरळ मळीबरोबर खाली, आणि मळी काय साखरेच्या भावानं विकत नाहीत. मिलच्या फिटरचं पण तेच, ऊस पिळायच्या रोलरचं सेटिंग बिघडलं की बगॅसमधनं, म्हणजे चोथ्यातनं, साखर जाते. कपात केल्यावर पहिली हीच माणसं जाणार, कर्नाटकात अथणी-चिकोडीकडं कारखाने काय कमी आहेत का? ज्यांना कुठं जाता येत नाही ते राहतील, थकीत पगाराची वाट बघत.

दुसरं म्हणजे "थोडे दिवस कळ काढा" म्हणतात पण बेसिक एकदा खाली आलं की सगळंच खाली येतं. ग्रॅच्युईटी शेवटच्या बेसिक-डीएवर काढतात, १५ भागिले २६ गुणिले नोकरीची वर्षं. ३० वर्षं सर्व्हिस आणि बेसिक-डीए २६ हजार असेल तर ४ लाख ५० हजार होतात, तेच रिटायर व्हायच्या आधी २० टक्के कापले तर ३ लाख ६० हजार. ९० हजार गेले, ते पण तीस वर्षांच्या कामातले, आणि पीएफ कमी पडतो तो वेगळाच.

कारखाना अडचणीत आहे हे मी नाकारत नाही. एफआरपी, म्हणजे उसाला द्यायचाच असा केंद्रानं ठरवलेला दर, २०१८-१९ ला टनाला २७५० होती, २०२५-२६ ला ३५५० झाली (हा दर ज्या मूळ उताऱ्याला धरून ठरतो तो मधल्या काळात १० टक्क्यांचा १०.२५ केला, तो भाग वेगळा), आणि साखरेचा किमान विक्री दर २०१९ ला ३१ रुपये केला तो वर्षानुवर्षं तिथंच राहिला. साखर गोडाऊनला पडून, तिच्यावर बँकेचं माल तारण कर्ज, त्याचं व्याज. यातलं कामगारानं काय केलंय? आणि पगार त्रिपक्षीय करारानं (सरकार, कारखाने आणि कामगार संघटना यांच्यातल्या) ठरतात, राज्याच्या पातळीवर. २०१९ च्या करारात १२ टक्के वाढ मिळाली, २०२४ पासूनच्या करारात १०. तो एका मीटिंगमधे ठराव करून एका कारखान्यानं मोडायचा म्हटलं तर युनियन गप्प कशी बसंल?

मला विचाराल तर युनियननं एकच सवलत द्यावी, करारानं मिळालेल्या वाढीतला काही भाग पुढं ढकलायला हरकत नाही, पण बेसिकला हात नाही, परतफेडीची तारीख लेखी आणि सही सहायक कामगार आयुक्तांच्या समोर. आणि सुरुवात वरच्या अधिकाऱ्यांपासनं, हे तर पाहिजेच.

तुम्ही वार्षिक सभेला जात असाल तर अहवाल आधी घरी वाचून जा. पगार-मजुरीच्या ओळीशेजारी व्याजाची ओळ लावून बघा, गेल्या हंगामात मिल किती तास बंद पडली आणि कशामुळं ते विचारा, मळीत साखर किती गेली ते लॅबच्या आकड्यात असतं, ते मागा. गोंधळ घालून माइक काढून घेतील, म्हणून प्रश्न आधीच लेखी देऊन पोच घ्या.