सायकलवरून जोडीने फिरणारे मॉर्मन मिशनरी दिवसभर नेमकं करतात काय? पगार मिळतो का त्यांना?

पगार मिळत नाही. उलट घरचे पैसे घालून आलेली असतात ही पोरं. मॉर्मन हा मूळ अमेरिकेतला एक ख्रिस्ती पंथ, आणि ही त्याचा प्रचार करणारी पोरं.

आधी मला हे कसं माहीत ते सांगते. आम्ही जपानमध्ये नागोयाला राहतो. आमच्या बिल्डिंगमधला एक फ्लॅट त्यांच्या चर्चने भाड्याने घेतलाय. त्यात दोन पोरं येतात, काही महिने राहतात, जातात, मग नवी येतात. कचरा टाकायला गेलं की किंवा सायकल काढताना गाठ पडते. जपानीत त्यांची बोंब, आमचीही बोंब, त्यामुळे इंग्रजीतून गप्पा मारायला लगेच जमलं. 'मॉर्मन' हे खरं तर बाहेरच्यांनी पाडलेलं नाव. २०१८ मध्ये त्यांच्या अध्यक्षांनीच ते वापरू नका, चर्चचं पूर्ण नाव घ्या असं सांगितलं. ते नाव इतकं लांबलचक आहे की मी इथे मॉर्मनच लिहिते.

पैशाचं असं आहे: अमेरिकेतून येणाऱ्या मुलामागे महिन्याला ठरावीक रक्कम चर्चकडे भरावी लागते. २०२० पर्यंत ती ४०० डॉलर होती, मग ५०० झाली. नेमणूक महागड्या टोकियोत होवो की स्वस्त गावात, रक्कम तेवढीच. कुणी शाळेत असल्यापासून उन्हाळी कामं करून साठवतं, कुणाचे आईवडील देतात. घरभाडं चर्च बघतं आणि खाण्यापिण्याला बेताचे पैसे हातात मिळतात. महिनाअखेरीला खालच्या मजल्यावरून नुसत्या इन्स्टंट नूडल्सचा वास येतो, त्यावरून समजायचं.

मुलं दोन वर्षांसाठी येतात, मुली दीड वर्षासाठी. २०१२ मध्ये मुलांचं किमान वय १९ वरून १८ वर आणलं, म्हणजे बारावी झाली की निघाला. देश निवडता येत नाही. अर्ज करायचा, सॉल्ट लेक सिटीतल्या चर्चच्या मुख्यालयातून नेमणूक येते आणि सगळं घर जमून ती उघडतं. उटा या अमेरिकेतल्या राज्यात मॉर्मन खूप; तिथल्या एका पोराने हायस्कूलला चार वर्षं स्पॅनिश घेतलं होतं आणि त्याला आलं जपान. मग प्रोवो गावातल्या प्रशिक्षण केंद्रात नऊएक आठवडे जपानीची घोकंपट्टी, आणि थेट लोकांच्या दारात.

आता दिवस. साडेसहाला उठायचं, अर्धा तास व्यायाम, अंघोळ, नाश्ता. त्यानंतर आधी एकट्याने धर्मग्रंथ वाचायचा, मग जोडीदाराबरोबर, मग भाषेचा अभ्यास. दहाच्या सुमारास सायकली बाहेर. रात्री नऊपर्यंत परत, साडेदहाला दिवे बंद. मधल्या वेळात ज्यांनी 'या' म्हटलंय त्यांच्याकडे जाऊन शिकवायचं, स्टेशनबाहेर लोकांशी बोलायचं, चर्चमधल्या म्हाताऱ्या माणसांना सामान हलवायला, बागेतलं गवत काढायला मदत करायची. आणि हे काहीच हाताशी नसेल तेव्हा दारं वाजवायची. हल्ली फोनवरून, फेसबुकवरून लोक गाठण्यावर भर वाढलाय, पण दारं काही सुटलेली नाहीत. जपानात तर दार उघडतही नाही. इंटरकॉमच्या कॅमेऱ्यात टाय दिसला की आतूनच अतिशय गोड आवाजात 'नको' येतं. कुणी ओरडत नाही, अपमान करत नाही. जूनच्या पावसात रेनकोट घालून आणि ऑगस्टच्या घामट उकाड्यात गळ्यात टाय बांधून दिवसभर हे गोड नकार गोळा करायचे.

मला वाटायचं, या नकारांनीच पोरं खचत असतील. तसं नाही. महिन्याभरात त्याची सवय होते म्हणतात. खरा कस लागतो तो जोडीदारापायी. तो तुम्ही निवडलेला नसतो आणि त्याला सोडून कुठेही जायचं नसतं. एकाच खोलीत झोपायचं, एकत्र खायचं, एकत्र हिंडायचं, बाथरूम सोडली तर चोवीस तास एकमेकांच्या नजरेत. साधारण दर सहा आठवड्यांनी बदल्या निघतात, त्यात कधी तुम्ही हलता, कधी तो, कधी दोघंही तिथेच राहता. ठरवून केलेलं लग्न, पण दीड महिन्याच्या कराराचं! एकदा एक पॅसिफिकमधल्या टोंगा बेटांवरचा धिप्पाड, सतत गाणारा पोरगा आणि एक शब्द तोलून बोलणारा आयडाहोचा पोरगा अशी जोडी आली होती. पहिले दोन आठवडे दोघांची तोंडं दोन दिशांना. नंतर काय झालं देवाला ठाऊक, पण जाताना आयडाहोवालाही गुणगुणत होता. सगळ्यांचं असं जमत नाही. काही जण मुदतीआधी घरी परततात आणि उटामधल्या छोट्या गावांत तशा मुलाकडे लोक कसे बघतात हे ऐकून मला आपल्याकडची नापास मुलं आठवली. अठराव्या वर्षी एवढं ओझं देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

सुट्टीचा एक दिवस असतो, बहुतेक सोमवार. तोही 'तयारीचा दिवस': कपडे धुणं, किराणा, केस कापणं, घरी फोन. २०१९ पूर्वी घरी फोन वर्षातून फक्त नाताळला आणि मदर्स डेला करता यायचा, बाकी ईमेल. आता दर आठवड्याला बोलता येतं. प्रेमप्रकरण, टीव्ही, सिनेमे बंद.

चहा-कॉफीही बंद. दारूचं समजू शकते, पण घरी आलेला माणूस चहाला नाही म्हणतो तेव्हा मराठी बाईने करायचं काय? जपानात तर ग्रीन टीसुद्धा चालत नाही म्हणजे पंचाईतच. 'मुगिचा' म्हणजे भाजलेल्या सातूचं थंड पेय, ते चालतं, आमच्याकडे मी कोकम सरबत देते. तेही नवरा घरी असेल तरच. घरात बाई एकटी असेल तर ती मुलं आत येत नाहीत, दारातूनच बोलतात.

जपानात यांचं येणं जुनं आहे. १९०१ मध्ये चौघे जण योकोहामाला उतरले. त्यातला अल्मा टेलर जेमतेम १९ वर्षांचा. त्याने जपानी शिकून त्यांच्या ग्रंथाचं भाषांतर केलं, ते १९०९ मध्ये छापून आलं आणि परतायला त्याला १९१० उजाडलं. एवढं करूनही माणसं फारशी मिळाली नाहीत. १९२४ मध्ये काम बंद केलं आणि पुन्हा सुरू झालं ते थेट महायुद्धानंतर, १९४८ मध्ये.

सगळे मिशनरी अमेरिकनच असतात हा मात्र गैरसमज. खालच्या फ्लॅटमध्ये जपानी मुलंही राहून गेली आणि मला त्यांचंच जास्त कौतुक वाटतं. अमेरिकन पोराची जागा कॉलेजात राहते, घरी मान वाढतो. इथे कंपन्या शेवटच्या वर्षातली मुलं एकगठ्ठा घेतात, त्या रांगेत दोन वर्षं मागे पडायचं आणि मुलाखतीत त्याचं कारणही सांगायचं, तेही अशा देशात जिथे ख्रिस्तीच मुळात शेकड्याला एखादा.

धर्मांतराबद्दल विचाराल तर मला ते पटत नाही आणि मी त्यांना तोंडावर सांगितलंय. त्यांचं शिकवणं सरळसरळ बाप्तिस्म्याकडे नेणारं असतं, ते ते लपवत नाहीत. कितीजणांना शिकवलं, किती चर्चला आले, याचे आकडे दर आठवड्याला वर कळवावे लागतात. म्हणून मुळमुळीत 'बघू, नंतर या' म्हणू नका, ते खरंच येतात. 'रस नाही' म्हटलं की सहसा विषय संपतो. बऱ्याच ठिकाणी त्यांचे इंग्रजी संभाषणाचे फुकट वर्गही असतात. तिथे थोडा धर्माचा विषय निघतो, तेवढं चालणार असेल तर खुशाल जा, माझी जपानी शेजारीण जाते.