अंगवण (नवस) पाळायची असेल तर आधी डॉक्टरांना भेटा

पत्र : माझे माहेर सावंतवाडीचे, शिक्षण मराठीतून झाले. लग्न होऊन गोव्यात, बार्देशातल्या एका गावात आले. पती बोटीवर होते. नोकरी सुटल्यापासून ते रोज पितात. सकाळी पहिला घोट पोटात जाईपर्यंत हात इतके थरथरतात की चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागतो. कर्ज झाले आहे. ते फेडण्यासाठी राहते घर विकायचे ठरले असून त्याचा कागद नणंदेने सायबिणीच्या, म्हणजे मारिया मातेच्या, मूर्तीपुढे आशीर्वादासाठी ठेवला आहे. माझी सही तेवढी राहिली आहे. मी रोज संध्याकाळी तेर्स (जपमाळेची प्रार्थना) म्हणते, म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीला तेल वाहिले, नोव्हेना (नऊ दिवसांच्या प्रार्थना) केल्या, तरी काही बदलत नाही. नणंद म्हणते, तुझा विश्वासच अपुरा आहे, डॉक्टर आणि वकील शोधणे म्हणजे देवावर भरवसा नसणे. पतींनी आता अंगवण केली आहे की गोंयच्या सायबाच्या (संत फ्रान्सिस झेवियरच्या) नोव्हेनाच्या पहिल्या दिवशी, 24 नोव्हेंबरला, दारू एकदम सोडायची. मुलगी मात्र तेर्साला बसायला नकार देते. माझी प्रार्थना कुठे कमी पडते आहे?

उत्तर : ताई, तुमच्या प्रश्नाकडे मी येणारच आहे, पण त्याआधी पतींच्या अंगवणीविषयी लिहिणे भाग आहे, कारण तिथे उशीर करून चालणार नाही. दारू सोडण्याची इच्छा त्यांना झाली ही फार मोठी गोष्ट आहे आणि तिच्यामागे तुमच्या प्रार्थनेचा हात नाही असे मी कधीच म्हणणार नाही. परंतु चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागतो, हे तुम्ही जाता जाता लिहिलेले वाक्य पत्रातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य आहे. शरीराला दारूची इतकी सवय झालेल्या माणसाने ती एका दिवसात तोडली, तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि त्यानंतरच्या दोन-तीन दिवसांत भ्रम होणे, नसलेली माणसे दिसणे, ताप चढणे, छाती धडधडणे असा प्रकार होऊन जीवही जाऊ शकतो. संकल्प कितीही प्रामाणिक असला तरी शरीराचा हा धर्म बदलत नाही. म्हणून 24 तारखेच्या आधीच त्यांना म्हापशाच्या जिल्हा इस्पितळात किंवा बांबोळीच्या मानसोपचार व मानवी वर्तन संस्थेत घेऊन जा. तिथे हे काही दिवस औषधे देऊन आणि जीवनसत्त्व बी-1 सुरू करून सुरक्षितपणे पार पाडता येतात. डॉक्टरांशी बोलण्यापूर्वी त्यांची दारू घरच्या घरी अचानक बंद करू नका किंवा लपवून ठेवू नका. मध्येच फिट आली किंवा ते असंबद्ध बोलू लागले तर वाट न पाहता 108 वर रुग्णवाहिका बोलवा. तारीख महत्त्वाची वाटत असेल तर इस्पितळात भरती होण्याचा दिवसच 24 नोव्हेंबर ठेवा. अंगवण तिथेही तितकीच पाळली जाते.

आता नणंदेच्या म्हणण्याविषयी. डॉक्टरकडे जाणे म्हणजे देवावर अविश्वास, हे मत ख्रिस्ती धर्मग्रंथातून आलेले नाही. कॅथलिक बायबलात सिराखचा ग्रंथ आहे. त्याच्या 38व्या अध्यायात आजारी माणसाला सांगितले आहे की देवाची प्रार्थना कर, आपले आचरण शुद्ध कर आणि मग वैद्यालाही त्याची जागा दे, कारण त्यालाही देवानेच निर्माण केले आहे. प्रार्थना आणि वैद्य यांतून एक निवडावे असे त्यात कुठेही सुचवलेले नाही. नणंदेशी वाद घालण्यापेक्षा तो अध्याय तिच्यासोबत बसून वाचा. बायबल तिच्या घरीही असेलच.

विश्वास अपुरा म्हणून प्रार्थना फळत नाही, हा आरोप मला अधिक क्लेशदायक वाटतो, कारण आधीच खचलेल्या बाईच्या डोक्यावर तो आणखी एक ओझे ठेवतो. योहानाच्या शुभवर्तमानात, नवव्या अध्यायात, जन्मांध माणसाला पाहून शिष्य विचारतात की पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे. येशू सांगतो, याचेही नाही आणि त्यांचेही नाही. संत पौलाने शरीरातला काटा निघावा म्हणून तीन वेळा विनवणी केली आणि तो निघाला नाही. त्याच्या विश्वासात खोट होती असे आजवर कोणत्याही पाद्रींनी म्हटलेले माझ्या कानावर नाही. स्तोत्रसंहितेतल्या 150 स्तोत्रांपैकी फार मोठा भाग तक्रारीचा आणि विलापाचा आहे. 88वे स्तोत्र तर अंधाराच्या उल्लेखावरच संपते, शेवटी दिलाशाची एक ओळही नाही. तरीही ते प्रार्थना म्हणूनच शतकानुशतके म्हटले जाते. तुमचे पत्र वाचताना मला वाटले की तुम्ही देवाशी फार जपून बोलता. तेर्साचे पन्नास नमो मारिया तुम्ही बिनचूक म्हणता, पण घर जायची वेळ आली आहे, मी दमले आहे, मला नवऱ्याचा राग येतो, हे त्याला सांगता का? माझ्या मते तुमच्या प्रार्थनेत उणीव असलीच तर ती विश्वासाची नाही, ती या मोकळेपणाची आहे. आणि ती दोषाची बाब नव्हे. घरात सतत सांभाळून बोलावे लागणारी बाई देवापुढेही सांभाळूनच बोलते.

गेथसेमनेच्या बागेतली रात्र आठवा. संकटाचा पेला टळावा अशी प्रार्थना प्रत्यक्ष येशूने केली आणि तो टळला नाही. मात्र त्या रात्री त्याने पेत्र, याकोब आणि योहान यांना सोबत नेले आणि माझ्याजवळ जागे राहा अशी विनंती त्यांना केली. ते झोपी गेले, तेव्हा त्याला त्याचे दुःखही झाले. माणसांची सोबत मागणे हा त्याच्या प्रार्थनेचाच भाग होता. तुमच्या पत्रात मात्र तुमच्याजवळ जागे राहणारे एकही माणूस मला दिसले नाही. माहेरी तुम्ही काहीच सांगितलेले नाही असे दिसते. चर्चच्या फादरांना कुमसाराच्या (पापकबुलीच्या) वेळी घाईने न सांगता वेगळी वेळ मागून सविस्तर सांगा. मद्यपींच्या घरच्या माणसांसाठी अल-अनॉनचे गट असतात. तिथे बसणाऱ्या बायका तुम्हाला उपदेश करणार नाहीत, कारण त्यांनीही तेच भोगलेले असते. रात्री-अपरात्री मन अगदीच कोसळले तर 14416 या टेली-मानस मानसिक आरोग्य सेवेच्या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते. मारहाणीचा उल्लेख तुम्ही केलेला नाही. तसे कधी घडले तर 181 या महिला मदत क्रमांकावर फोन करा आणि ते सहन करणे हा क्रूस आहे असे कोणी सांगितले तर अजिबात ऐकू नका.

सायबिणीपुढे ठेवलेल्या त्या कागदावर सही करू नका. मूर्तीपुढे ठेवल्याने विक्रीचा कागद पवित्र होत नाही आणि सही नाकारल्याने सायबिणीचा अपमानही होत नाही. गोव्यात 1867च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेल्या व्यवस्थेनुसार, लग्नापूर्वी वेगळा करार केलेला नसेल तर पती-पत्नीची मालमत्ता समाईक मानली जाते, तिचा अर्धा हिस्सा पत्नीचा असतो आणि पत्नीच्या संमतीशिवाय पतीला स्थावर मालमत्ता विकता येत नाही. तुमची सही राहिली म्हणून व्यवहार अडला आहे, याचे कारण हेच असावे. तुमच्या विवाहाची नोंदणी कुठे झाली आणि सासऱ्यांच्या मागे घराची वाटणी झाली आहे का, यावर काही गोष्टी अवलंबून आहेत, तेव्हा विवाहाचा दाखला आणि घराची कागदपत्रे घेऊन वकिलाला भेटा. फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. 1987च्या कायद्याप्रमाणे स्त्रियांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. कर्जाचे हप्ते वाढवून घेता येतील का हे पतसंस्थेत किंवा बँकेत विचारा. घर विकणे हा कदाचित शेवटी करावा लागणारा उपाय असेल, पण रोज पिणाऱ्या माणसाच्या हातात घराचे पैसे येणे हे आजच्या घडीला कर्जापेक्षाही घातक आहे.

मुलीला तेर्साला ओढून बसवू नका. ती देवावर रुसली आहे आणि रुसवा आपल्या माणसावरच धरला जातो. तुम्ही म्हणत राहा, ती दुसऱ्या खोलीत असली तरी तिला ऐकू येते. एखाद्या संध्याकाळी तिला जवळ घेऊन स्वच्छ शब्दांत सांगा की बाबांना आजार जडला आहे, त्यावर इस्पितळात उपचार होणार आहेत आणि तो तिच्यामुळे झालेला नाही. दारूच्या घरात वाढणारी मुले हा दोष मनातल्या मनात स्वतःकडे घेतात आणि कोणी विचारेपर्यंत त्याविषयी बोलत नाहीत.