सिस्टरांचा रिमोट : शिकागोतली वाडी

गेल्या अंकात मी सहज लिहून गेले की पावसाळ्यात वीज टिकेल तेवढा वेळ मी 'शिकागो फायर' ही अमेरिकन मालिका बघते, तिच्यातून निघालेली पोलिसांची 'पी.डी.' मात्र मनापासून आवडत नाही. त्या एका ओळीवर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. सरकारी दवाखान्यात एकतीस वर्षं नर्स म्हणून काढलेल्या बाईने म्हातारपणी अमेरिकेतले बंबवाले बघत बसावं, याचं काहींना कौतुक आहे, काहींना काळजी. संपादकांनी या वेळी सगळं सदर त्याच पत्रांना देऊन टाकलंय.

प्रश्न : सुनेने 'शिकागो फायर' लावून दिली. चार भाग बघितले आणि आता ती म्हणते, मध्येच 'पी.डी.' बघावं लागेल, मग 'मेड'. एका गोष्टीसाठी तीन मालिका? नक्की सुरुवात कुठून करू?
— गृहिणी, चिपळूण

वहिनी, 'फायर'पासूनच करा. ती थोरली. १० ऑक्टोबर २०१२ ला सुरू झाली. तिच्यातून जानेवारी २०१४ मध्ये पोलिसांची 'पी.डी.' निघाली आणि नोव्हेंबर २०१५ मध्ये दवाखान्याची 'मेड'. चुली वेगळ्या झाल्या, अंगण एकच राहिलं. (शिकागो शहर जळून गेलं ते १८७१ च्या ऑक्टोबरातच, ८ ते १० तारखांना. बंबवाल्यांची मालिका त्याच शहरात का, हे मला ते वाचल्यावर कळलं.)

पहिल्याच भागात अँडी डार्डन नावाचा जवान आगीत जातो. ट्रक ८१ या शिडीच्या गाडीवरचा केसी आणि स्क्वॉड ३ या बचाव पथकाचा सेव्हराइड हे दोघे त्याचे दोस्त. दोघेही एकमेकांना दोष देत बसतात. हा डार्डन लक्षात ठेवा. आपण विसरतो, कारण पुढे शंभर आगी लागतात, लग्नं मोडतात, माणसं बदलतात. मग २०२१ मध्ये, दोनशेव्या भागात, केसी कॅप्टनकी आणि नुकतंच जमलेलं प्रेम मागे ठेवून ओरेगनला निघतो. का, तर डार्डनच्या दोन पोरांकडे बघायला कोणी उरलेलं नाही. नऊ वर्षांपूर्वीच्या मेलेल्या माणसाचं देणं! मी त्या रात्री भात करपवला.

क्रमाची काळजी फार करू नका. २०१८ पासून तिकडे बुधवारी रात्री 'मेड', 'फायर' आणि 'पी.डी.' ओळीने लागतात, तरी ज्याची त्याची गोष्ट ज्याच्या त्याच्या तासात संपते. फक्त तिन्ही मालिका मिळून एकच गोष्ट करतात तेव्हा चुकवू नका. ऑक्टोबर २०१९ मधली मांस खाणाऱ्या जंतूंची गोष्ट 'फायर'मध्ये सुरू होते, 'मेड'मध्ये चिघळते आणि 'पी.डी.'त संपते. त्यातला एकच तास बघणं म्हणजे नमन बघायला जाऊन गवळण झाल्यावर घरी येण्यासारखं.

प्रश्न : आपल्याकडे बंब पोचायच्या आत आग आपोआप विझते. अशा मुलखातल्या माणसांनी अमेरिकेतले बंब कशाला बघायचे? शिवाय एवढ्या अवाढव्य शहरात प्रत्येक अपघाताला तेच जवान, तेच पोलिस, तेच डॉक्टर. त्यातला एक डॉक्टर एका पोलिसाचा सख्खा भाऊ. हे पटत नाही.
— निवृत्त मुख्याध्यापक, गुहागर तालुका

गुरुजी, दुसरा मुद्दा आधी घेते, कारण तिथे तुम्ही कोकणातले असून चुकलात.

एका गणपतीच्या आदल्या रात्री घाटात चाकरमान्यांची जीप उलटली. नऊ माणसं. ॲम्ब्युलन्स घेऊन आला तो ड्रायव्हर, त्याची आतेबहीण त्या नऊ जणांत. पंचनाम्याला आलेला हवालदार आमच्या आयाबाईंच्या वाडीतला. जीप वर काढायला क्रेन आली ती आमच्या वॉर्डबॉयच्या मेहुण्याची. पहाटे पाचला मागच्या घरातून सगळ्यांना चहा आला आणि तो पाठवणारी म्हातारी निघाली जीपवाल्याची सासू! तिला जावई आत पडलाय हे कप गोळा करायला आल्यावर समजलं. ही रात्र कोणी मालिकेत दाखवली असती तर तुम्हीच लाल शाईने लिहिलं असतंत, 'लेखकाने फार जुळवून आणले आहे.'

शिकागो सत्तावीस लाखांचं शहर आहे, तिथे असं होणार नाही, हे कबूल. पण लेखकांनी तिथे एक वाडी वसवलीय आणि मला तेच आवडतं. 'जे' नावाचा हॉलस्टेड पोलिस, विल हॉलस्टेड डॉक्टर, दोघे भाऊ. पोलिस ठाण्यात टेबलाशी बसणारी खाष्ट सार्जंट प्लॅट हिचं लग्न बंबवाल्या माऊचशी लागतं, म्हणजे दोन खात्यांची सोयरीक. आणि सगळ्यांनी संध्याकाळी टेकायला 'मॉलीज' नावाचा बार, जो या बंबवाल्यांनीच पैसे घालून चालवायला घेतलाय. आपल्याकडे देवळासमोरचा पार असतो, त्यांच्याकडे बार. एवढाच फरक.

जुळणी कुठे फसते तेही सांगते. मार्च २०१७ मध्ये त्यांनी वकिलांची चौथी मालिका काढली, 'शिकागो जस्टिस'. तेरा भागांत बंद. वकील होता हुशार, पुढे न्यूयॉर्कच्या 'एस.व्ही.यू.' या पोलिस मालिकेत जाऊन नांदलाही. पण त्या कचेरीत कोणी कोणाच्या डब्यात हात घालताना दिसेना. नुसतं नातं सांगून वाडी होत नाही, गुरुजी. कधी कधी 'मेड'मध्ये एखादा बंबवाला दारातून येतो, 'पेशंट कसा आहे?' विचारतो आणि जातो. ती नुसती दुसऱ्या मालिकेची जाहिरातच. ते मी पुढे ढकलते.

आता बंब. तुमचं म्हणणं खोटं नाही. मार्च महिन्यात आमच्या वरच्या अंगाला वणवा लागला तेव्हा काजूची चाळीस झाडं आणि कलमांची एक रांग गेली. वाडीतल्या बाया-पुरुषांनी ओल्या फांद्यांनी झोडपून गवत विझवलं. बंब आला तेव्हा आम्ही हातपाय धूत होतो. येणाऱ्यांना काय बोलणार? तिथवर धड रस्ताच नव्हता. पण मी ती मालिका आगीसाठी बघतच नाही हो. मी जेवणाच्या टेबलासाठी बघते. शिकागोच्या बंबवाल्यांची ड्यूटी चोवीस तासांची, मग अठ्ठेचाळीस तास सुटी. त्या चोवीस तासांत ते बहुतेक वेळ वाट बघतात. आज रांधायची पाळी कोणाची यावर भांडतात, रश्श्यात तिखट जास्त झालं म्हणून कुरकुरतात, घास तोंडाशी येतो आणि भोंगा वाजतो. परत येतात तेव्हा ताट गार, कधी एक माणूस कमी. नाईट ड्यूटीचा एक डबा आणि सहा हात ज्यांनी बघितलेत त्यांना हे शिकवावं लागत नाही.

प्रश्न : सिस्टर, तुम्ही लिहिलंत की 'पी.डी.' मनापासून आवडत नाही. त्यातल्या पोलिस व्हॉइटसारखा हिरो दुसरा आहे का? गुन्हेगाराला त्याच्याच भाषेत उत्तर देतो.
— कॉलेजचा विद्यार्थी, मालवण

बाळा, तो पहिल्यांदा आला तेव्हा हिरो नव्हता. 'फायर'च्या पहिल्या मोसमात आला तो खलनायक म्हणून. त्याच्या पोराने दारू पिऊन अपघात केला, दुसऱ्याचा मुलगा कायमचा अधू झाला, आणि केसीने अहवाल बदलावा म्हणून या व्हॉइटने त्याचा छळ मांडला होता. पुढच्याच वर्षी त्याला एक पथक आणि एक मालिका दिली. व्हॉइट झालेला जेसन बेघे काम बेफाम करतो, त्या खरखरीत आवाजाला तोड नाही. लेखनही तिन्हींत सर्वांत घट्ट याच मालिकेचं.

तरी मला तो तास निवांत बघता येत नाही, त्याचं कारण साधं आहे. कोठडीतून तपासणीला आणलेल्या माणसाच्या जखमा डॉक्टर सांगायचे आणि रजिस्टरात मी उतरवायची. 'पडला' असं सोबतचा माणूस म्हणायचा. पाठीवर पडलेल्या माणसाच्या तळपायांना वळ कसे येतात, हे मला कोणी कधी सांगितलं नाही. आता व्हॉइट कोणाला तळघरातल्या पिंजऱ्यात नेतो तेव्हा तुला गुन्हेगार दिसतो, मला उद्याचं रजिस्टर दिसतं.

मालिकेला हे कळत नाही असं नाही. व्हॉइट आपल्या मुलाच्या खुन्याला परस्पर संपवतो आणि त्याची किंमत दोन वर्षांनी त्याचा जुना साथीदार ओलिन्स्की जीव देऊन मोजतो, ज्याने तोंडातून अवाक्षर काढलं नाही. तेवढे भाग मी परत परत बघितलेत. फक्त पुढच्या मोसमात व्हॉइट पुन्हा त्याच खुर्चीत बसतो, तिथे माझा आणि त्याचा संबंध संपतो. तू बघ. पण बघताना एकदा त्या पिंजऱ्यातल्या माणसाकडेही बघ.

प्रश्न : मी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. 'शिकागो मेड' बघून अभ्यासाला मदत होईल का? त्यात कितपत खरं असतं?
— विद्यार्थिनी, रत्नागिरी

बाय, अभ्यासाला पुस्तक. मालिका जेवताना.

असल्या मालिकांची जुनी खोड एक सांगते. मॉनिटरवर सरळ रेघ आली की पडद्यावरचे डॉक्टर विजेचा झटका द्यायला धावतात. परीक्षेत हे लिहिलंस तर मार्क गेले. सरळ रेघेला झटका नसतो. छातीवर दाब आणि ॲड्रेनालिन. झटका हृदय वेडंवाकडं थरथरत असेल तेव्हा. दुसरी खोड म्हणजे ट्रॉली ढकलायची, रक्त काढायचं, नातेवाइकांशी बोलायचं, सगळं डॉक्टरच करतात. त्यांच्या त्या गॅफनी दवाखान्यात नर्सेस बहुधा पगार घ्यायलाच येत असाव्यात! तिथली मुख्य नर्स मॅगी लॉकवूड तेवढी खरी. कुठली खाट रिकामी, कुठला डॉक्टर आज चिडलेला, कोण नातेवाईक गोंधळ घालणार, हे तिला मान न वळवता कळतं. आणि डॉ. चार्ल्सना बघच. मानसोपचाराचे डॉक्टर आहेत. पेशंटशेजारी बसतात आणि गप्प राहतात. गप्प राहणं कॉलेजात शिकवत नाहीत.

एक फरक मात्र अभ्यासाचा आहे, वहीत लिहून ठेव. शिकागोच्या ॲम्ब्युलन्स ६१ वर डॉक्टर नसतो, शिकलेले पॅरामेडिक असतात आणि तेच रस्त्यावर निर्णय घेतात. आपल्या राज्याची १०८ सेवा २०१४ मध्ये ९३७ गाड्यांनिशी सुरू झाली, तेव्हा प्रत्येक गाडीवर डॉक्टर ठेवण्याची पद्धत पडली. कुठली पद्धत बरी यावर तुझ्या मॅडमशी वाद घाल.

आणि कोणी 'कोकण मेड' काढणार असेल तर पहिल्या भागाची गोष्ट तयार आहे. माझ्या लहानपणी लाल विंचू चावलेलं पोर म्हणजे घरात रडारड. घाम, गार पडलेले हातपाय, मग छातीत पाणी आणि गुलाबी फेस. महाडकडच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर रुग्णांच्या उशाशी बसून राहिले, विषाने हृदयावर काय होतं ते टिपत गेले, आणि रक्तदाबाची साधी गोळी, प्राझोसिन, या विषावर चालते हे त्यांनी दाखवून दिलं. दंश झाल्यावर लवकर दिली तर पोर वाचतं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ना हेलिकॉप्टर, ना काचेची ऑपरेशन थिएटरं. कंदील, गोळी आणि जागरण. माझ्या हाताने ती गोळी दिलेलं एक पोर आता एस.टी.त कंडक्टर आहे, मला तिकीट काढू देत नाही. मी भांडून काढते.

प्रश्न : शिकागो बरी की ती '९११'?
— दापोलीहून एक वाचक

शिकागो. '९११' या दुसऱ्या अमेरिकन बचाव पथकांच्या मालिकेत २०१९ साली थेट त्सुनामी आणली, सांता मोनिकाचा धक्का पाण्याखाली. बघायला झकास. पण आम्ही ३ जून २०२० चं 'निसर्ग' घरात बसून बघितलंय. छप्पर उडतं त्या दिवसापेक्षा पत्रे मिळवण्यात जातात ते महिने मोठे असतात आणि '९११'ला पुढच्या आठवड्यात नवीन संकटाची घाई असते.

प्रश्न : त्या बंबवाल्यांची नावं अशी कशी? माऊच, ओटिस? ही खरी नावं आहेत का?
— आठवीतली मुलगी, हर्णै

नाही गं. माऊच म्हणजे अर्धा माणूस, अर्धा सोफा. इंग्रजीत माणसाला मॅन, सोफ्याला काऊच, दोन्ही मिळून माऊच, कारण तो कायम टीव्हीपुढे पसरलेला. (घरात मलाही आता हेच म्हणतात.) ओटिस हे लिफ्ट बनवणाऱ्या कंपनीचं नाव. नवख्या जवानाला इमारतीच्या लिफ्टवर उभं करतात म्हणून ते त्याला चिकटलं. त्याचं खरं नाव ब्रायन. २०१९ मध्ये गाद्यांच्या कारखान्यात बॉयलर फुटला त्यात तो गेला. त्याचा जिवलग क्रूझ, त्याला पुढे मुलगा झाला, त्याचं नाव त्याने ब्रायन ठेवलं. सात मोसम सगळ्यांनी ओटिस ओटिस म्हटलं आणि खरं नाव हाका मारायला आलं ते असं.

आमच्या दवाखान्यात एक वॉर्डबॉय होता, त्याला आम्ही 'कलेक्टर' म्हणायचो. रोज पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. पेशंटसुद्धा त्याला कलेक्टरसाहेब म्हणायचे. बावीस वर्षं आम्ही एकत्र काम केलं. त्याच्या निरोप समारंभाची पत्रिका नोटीस बोर्डावर लागली तेव्हा मी ती दोनदा वाचली आणि शेजारच्या सिस्टरला विचारलं, ''हा कोण गं रिटायर होतोय? आपल्याकडचाच का?'' तो मागेच उभा होता, स्टूल घेऊन. पत्रिका वाकडी लागली होती, ती सरळ करायला आला होता.