कोकणात बालकर्करोग वाढतो आहे का?

प्रश्न : देवगड तालुक्यातील आमच्या वाडीत गेल्या दोन वर्षांत दोन लहान मुलांना कर्करोग झाला, एकाला डोळ्याचा, दुसऱ्याला मूत्रपिंडाचा. आंब्यावरील फवारणीमुळे आपल्याकडे हे आजार वाढत आहेत का? (एक वाचक)

उत्तर : शंका रास्त आहे, परंतु हे दोन आजार एकाच कारणाचे मानता येत नाहीत. डोळ्याच्या पडद्याचा कर्करोग, म्हणजे रेटिनोब्लास्टोमा, बहुतेक वेळा आरबी-१ या जनुकातील बिघाडामुळे होतो, तर लहान मुलांच्या मूत्रपिंडात सहसा आढळणारा विल्म्स ट्यूमर हा सर्वस्वी वेगळा आजार आहे. फवारणी चालू असताना मुलांना बागेत जाऊ देऊ नये हे खरेच; पण या दोन आजारांचे खापर तिच्यावर फोडण्याइतका पुरावा नाही.

रेटिनोब्लास्टोमा सुमारे १६ ते १८ हजार जन्मांमागे एका बालकाला होतो. एखाद्या जिल्ह्यात वर्षाला दहा हजार बाळे जन्मतात असे धरले, तर दीड-दोन वर्षांत एक रुग्ण अपेक्षित असतो. त्यामुळे एका वर्षी एकही नाही आणि पुढच्या वर्षी दोन, असे निव्वळ योगायोगानेही घडते. म्हणूनच अशा दुर्मिळ आजारांसाठी अनेक जिल्ह्यांच्या अनेक वर्षांच्या नोंदी एकत्र पाहाव्या लागतात.

प्रादेशिक फरक मुळीच नसतात, असे मात्र नाही. विषुववृत्तीय आफ्रिकेत मलेरिया आणि एप्स्टाइन-बार विषाणू यांच्यामुळे बर्किट लिम्फोमा हा लसिका संस्थेचा कर्करोग मुलांमध्ये पुष्कळ आढळतो. उलट जपानमध्ये १९८०च्या दशकात तान्ह्या बाळांची लघवी तपासून न्यूरोब्लास्टोमा हा मज्जापेशींचा कर्करोग शोधण्याची मोहीम सुरू झाली, तेव्हा आपोआप विरून गेल्या असत्या अशा गाठीही सापडू लागल्या आणि नोंदी फुगल्या. २००४ मध्ये ती मोहीम थांबवण्यात आली. (आकडा वाढला म्हणजे आजार वाढलाच, असे मानणाऱ्या बातम्या वाचताना हे उदाहरण मला नेहमी आठवते.)

रत्नागिरी आणि सिंधुदुर्गासाठी टाटा स्मारक केंद्राच्या लोकसंख्याधारित, म्हणजे त्या भागात राहणाऱ्या सर्व रुग्णांची नोंद ठेवणाऱ्या, कर्करोग नोंदण्या आहेत. अशा नोंदणीत रुग्ण धरला जातो तो त्याच्या कायमच्या वास्तव्याच्या ठिकाणी, उपचाराच्या ठिकाणी नव्हे. आपली मुले उपचारांसाठी मुंबईला जातात आणि केसपेपरवर अनेकदा परळच्या मामाचा किंवा डोंबिवलीच्या काकांचा पत्ता लागतो. तसे झाले, तर देवगडचा रुग्ण देवगडच्या हिशेबातून निसटू शकतो. त्या दोन्ही कुटुंबांनी रुग्णालयात गावचा पत्ता नोंदवला आहे ना, एवढे जरूर विचारा. शिवाय रेटिनोब्लास्टोमा झालेल्या मुलाच्या भावंडांचे डोळे नेत्रतज्ज्ञांकडून लवकर तपासून घ्यायला सांगा, कारण हा आजार काही कुटुंबांत आनुवंशिक असतो.