पोळी-भात सोडण्याआधी सासूबाईंच्या गोळ्यांची नावं बघा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वजन ८२ किलो, नणंदेचं लग्न तीन महिन्यांवर. जिमच्या ट्रेनरने पोळी, भात, पोहे, फळं सगळं बंद करायला लावलं आणि पहिल्याच आठवड्यात अडीच किलो उतरलं. ते बघून सासूबाईही सोमवारपासून तुमच्याबरोबर सुरू करणार आहेत, आणि त्यांना शुगरची गोळी चालू आहे. तुमचं नंतर बोलू. आधी सासूबाईंना थांबवा. डॉक्टरांशी बोलल्याशिवाय त्यांनी असं काही सुरू करू नये.

सहा वर्षांपूर्वी मी स्वतः लो-कार्ब, म्हणजे पोळी, भात, साखर यांतले कर्बोदके (कार्ब) कमी करायचा आहार, सुरू केला तेव्हा आमच्या ह्यांनीही माझ्याबरोबर पोळ्या सोडल्या. त्यांची शुगरची गोळी ग्लिमेपिराइड मात्र रोजच्यासारखी चालू. चौथ्या दिवशी गोळी घेतली, पोह्यांऐवजी दोन अंडी खाल्ली आणि पेपर वाचत बसले. साडेअकराला मी स्वयंपाकघरातून काहीतरी विचारलं, तर उत्तर भलतंच आलं. बाहेर येऊन बघते तो शर्ट घामाने पाठीला चिकटलेला आणि हातातला पेपर थरथरतोय. मीटरवर शुगर ५४, म्हणजे फारच कमी. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजली, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजली तेव्हा ७८ आली. ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, मग ताटात पोळी असो वा नसो. ग्लिक्लाझाइडचंही तसंच, आणि इन्सुलिनचं इंजेक्शन असेल तर धोका आणखी मोठा. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन या शुगरच्या गोळ्यांपैकी एखादी चालू असेल तर वेगळीच भीती असते. रक्तात कीटोन, म्हणजे चरबी जळताना तयार होणारे पदार्थ, वाढून आम्लता धोक्याच्या पातळीला जाऊ शकते, आणि तेव्हा शुगर फारशी वाढलेली दिसेलच असं नाही, त्यामुळे घरच्या माणसांच्या लक्षात येत नाही. ब्लडप्रेशरच्या गोळीचा डोसही अशा आहारात कधी कधी कमी करावा लागतो. डॉक्टरांनी डोस बदलून दिला तर मधुमेहींना कार्ब कमी केल्याचा फायदा होतो, ह्यांनाही पुढे झाला. पण आधी डोस, मग ताट.

आता तुमचे अडीच किलो. त्यातलं बहुतेक पाणी आहे, हे मनाला लावून घेऊ नका. यकृतात आणि स्नायूंत मिळून साधारण ४०० ते ५०० ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर असते, आणि तिच्या दर ग्रॅमबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी. कार्ब बंद झाले की तो साठा वापरला जातो आणि पाणी निघून जातं. इन्सुलिन उतरलं की मूत्रपिंडं मीठही जास्त बाहेर टाकतात. तुम्ही लिहिलेली डोकेदुखी आणि पाय गळून जाणं बहुतेक त्यातलंच. मिठाचं ताक, डाळीचं पाणी घ्या, बरं वाटेल. लग्नात दोन दिवस जेवलात की यातलं किलो-दीड किलो परत येईल, तेव्हा घाबरायचं नाही.

खरी चरबी पुढच्या आठवड्यांत उतरते आणि ती उतरते कारण आपण एकूण कमी खातो. प्रथिनांनी पोट भरलेलं राहतं, कीटोनमुळे अनेकांची भूक मंदावते, आणि येता-जाता तोंडात टाकायच्या निम्म्या वस्तू आपोआप बाद होतात. पोळी-भातात स्वतंत्र असं काही विष नाही. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ख्रिस्तोफर गार्डनर यांनी ६०९ जणांवर वर्षभर केलेला अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. कमी चरबीवाल्या गटाचं वजन सरासरी ५.३ किलो उतरलं, कमी कार्बवाल्यांचं ६ किलो. संख्याशास्त्राच्या हिशेबाने हा फरक धरण्याजोगा नव्हता. दोन्ही गटांना साखर, मैदा कमी करून भाज्या भरपूर खायला सांगितलं होतं, मला त्यातलं हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

त्रास म्हणाल तर मला पहिला झाला तो बद्धकोष्ठाचा. गव्हाचा कोंडा, डाळी, फळं एकदम गेली तर दुसरं काय होणार? तोंडाला विचित्र गोडसर वास येत होता, तो कीटोनचा. आणि तूप, पनीर, मलई मोकाट खाल्ल्यावर सहा महिन्यांनी माझं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १२० वरून १६५ वर गेलं. सगळ्यांचं वाढत नाही, काहींचं मात्र बरंच वाढतं, म्हणून लिपिड (कोलेस्टेरॉलची) तपासणी सुरुवातीला आणि तीन महिन्यांनी करून घ्या. गरोदर असाल, बाळ अंगावर पीत असेल किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर या वाटेला जाऊच नका.

शाकाहारी घरात हे आणखी अवघड, कारण आपली प्रथिनं ज्या डाळींत, त्यांतच कार्बही. आणि आमच्या इंदुरात तर शेवेने घात होतो. बेसनाची आहे, पोह्यांपेक्षा बरी, असं म्हणत मी रोज वाटीभर खात होते. १०० ग्रॅम शेव म्हणजे साडेपाचशेच्या आसपास कॅलरी, वजन दोन महिने हललंच नाही.

तुमच्या जागी मी असते तर शून्यावर गेले नसते. साखर, जिलबी, मैदा, बाटलीतली पेयं बंद. पोह्यांची प्लेट अर्धी, वर शेव चिमूटभर, सोबत दोन अंडी किंवा १०० ग्रॅम पनीर, अंड्यांतून १२ ग्रॅमच्या आणि पनीरातून १८ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळतात. दुपारी दोन पोळ्या, दोन वाट्या भाजी, घट्ट वरण. रात्री एक पोळी, मोड आलेली मटकी, काकडीची कोशिंबीर. असे दिवसाला सव्वाशे-दीडशे ग्रॅम कार्ब होतात आणि घरात वेगळी चूल मांडावी लागत नाही. माझं ११ किलो उतरलं ते असं खाऊन, चौदा महिन्यांत. कडक कीटोच्या, म्हणजे कार्ब जवळजवळ बंद केलेल्या, तीन महिन्यांत उतरलेलं दिवाळीच्या फराळात परत आलं होतं.

तीन महिन्यांत चार-पाच किलो धरा. ब्लाउज शिवायला टाकाल तेव्हा आत शिलाई जास्त ठेवायला सांगा. आणि सासूबाईंच्या गोळ्यांची नावं आज रात्रीच स्ट्रिपवरून उतरवून घ्या, म्हणजे सोमवारच्या आत डॉक्टरांना दाखवता येतील.